सात रस्त्याजवळचा इटालियन क्लास: एका ‘पेर फोर्त्सा’वर अख्खा तास

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी एक्सपोर्टचं काम बघते. इटलीच्या पार्टीशी फोनवर बोलताना नुसत्या इंग्रजीनं भागत नाही, म्हणून सात रस्त्याजवळचा हा संध्याकाळचा क्लास लावला. मला तो मनापासून आवडलाय, आणि याचं सगळं श्रेय मॅडमच्या शिकवण्याला.

‘पेर फोर्त्सा’चंच बघा. फोर्त्सा म्हणजे बळ, त्यामुळे ‘मान्जारे पेर फोर्त्सा’ म्हणजे बळंबळं खाणं, इथवर डिक्शनरी पुरते. पण इटालियन लोक बोलताना तो सारखा वापरतात, आणि जबरदस्तीशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. मॅडमनी एका मुलीला म्हणायला लावलं, ‘ओ काल्दो’, मला उकडतंय. लगेच स्वतः उत्तर दिलं, ‘पेर फोर्त्सा, ए माज्जो!’ उकडणारच, मे महिना आहे! सोलापुरात यापुढे समजवायची गरजच नाही. मग प्रश्न आला: ‘देवो वेनीरे पेर फोर्त्सा?’ मला यायलाच हवं का? उत्तर, ‘नोन पेर फोर्त्सा’, तसंच काही नाही. आमच्याकडून जोड्या-जोड्यांनी हे इतकं बोलून घेतलं की बाकीचे शब्द अडखळले तरी हे दोन तोंडात बसले. माझ्या मते भाषा शिकवावी ती अशी.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती पुढची सूचना. हा बोलण्यातला प्रयोग आहे, खरेदीदाराला औपचारिक मेल लिहिताना त्याच अर्थाचा ‘नेचेस्सारियामेन्ते’ बरा. आणि समोरच्यानं अडचण सांगितल्यावर नुसतं ‘पेर फोर्त्सा!’ म्हटलं, तर ‘मग दुसरं काय होणार’ असा सूर लागतो. मैत्रिणीला चालेल, गिऱ्हाइकाला नाही. कामाच्या माणसाला हे कुठलं ॲप सांगणार?

उणीव आहे ती ऐकण्याच्या सरावात. संवाद मोबाइलवरच लावतात, खिडकी रस्त्याकडे, त्यामुळे मागच्या बाकावर ‘त्स’ आणि ‘च’ एकच वाटतात. छोटा स्पीकर आणला तरी पुष्कळ फरक पडेल. ‘चिल्स’ या इटालियनच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी इथं होत नाही, तुम्हाला ती द्यायची असेल तर नाव घालण्याआधी मॅडमशी बोलून घ्या. बोलायला शिकायचं असेल तर बिनधास्त जा, फक्त पुढचा बाक धरा.