फेझच्या जुन्या शहरात दिवसभर गाईडसोबत फिरलो त्याचा रिव्ह्यू, जळगाव-धुळ्याकडून जाणाऱ्यांसाठी

मोरोक्कोची ट्रिप म्हटली की आपल्याकडचे टूरवाले मराकेश आणि वाळवंटातले उंट एवढंच पुढे करतात आणि फेझला अर्धा दिवस कसाबसा कोंबतात, तर माझं पहिलं सांगणं हेच की तसं करू देऊ नका, फेझच्या जुन्या शहराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्खा दिवस द्या आणि त्या दिवसासाठी तिथलाच लायसन्सवाला गाईड घ्या. आम्ही घेतला, ५ पैकी साडेचार मार्क देतो, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आम्ही म्हणजे मी, बायको आणि आप्पा. आप्पांनी उभं आयुष्य जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवण्यात काढलं, आता गुडघे साथ देत नाहीत पण हातानं घडवलेली वस्तू दिसली की तिथून हलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर फेझ निवडलं ते त्यांच्यासाठीच. दिवाळीनंतर गेलो, हवा एकदम मस्त, सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी नाही. ई-व्हिसा ऑनलाइन होतो, जळगावहून रेल्वेनं मुंबई, मग आखातात विमान बदलून कासाब्लांका, आणि तिथून ट्रेननं साधारण चार तासांत फेझ. ट्रेन चांगली आहे, आप्पांना त्रास नाही झाला.

आता गाईडचं. जुन्या शहराच्या वेशीशी बरीच पोरं मागे लागतात, हा रस्ता पुढे बंद आहे, मी दाखवतो चला, असं म्हणत बरोबर चालायला लागतात आणि शेवटी पैसे मागतात किंवा कुठल्यातरी दुकानात नेऊन बसवतात. सरकारी लायसन्स असलेल्या गाईडच्या गळ्यात फोटोवालं कार्ड असतं, ते बघूनच घ्या, आणि पैसे आधीच पक्के करा. आम्हाला पूर्ण दिवसाचे पाचशे दिरहमच्या आसपास पडले, म्हणजे आपले साडेचार हजारांच्या घरात, आणि हे सगळ्यांचे मिळून बरं का, माणशी नाही. जुन्या शहरात गाडी शिरतच नाही, बोळ इतके अरुंद की काही ठिकाणी समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं, फोनवरचा नकाशा तर उंच भिंतींमध्ये पार गोंधळतो, त्यामुळे गाईडचे पैसे वाया जात नाहीत. आमचा गाईड पन्नाशीचा, फेझमध्येच वाढलेला, इंग्रजी साधं आणि स्पष्ट, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आप्पांची चाल बघून त्यानं न सांगता स्वतःची चाल कमी केली आणि दर थोड्या वेळानं कुठेतरी ओट्यावर बसवायचा. पूर्ण मार्क इथंच मिळाले त्याला.

सुरुवात बाब बू जलूद नावाच्या दरवाज्यापासून. बाहेरून निळा, आतून हिरवा. सगळे फोटो इथलेच असतात पण हा दरवाजा १९१३ चा आहे, फ्रेंचांच्या काळातला, आतलं शहर मात्र आठव्या शतकाच्या अखेरीस वसलेलं. गाईडनं हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं आणि म्हणाला फोटो काढून घ्या, खरं काम पुढे आहे. तिथून तला कबीरा हा मोठा उताराचा रस्ता, त्याच्यावरच बू इनानिया मदरसा. १३५० च्या दशकात मरिनी घराण्याचा सुलतान अबू इनान यानं बांधलेला, वीसेक दिरहमचं तिकीट, आणि मुसलमान नसलेल्यांना आत जाता येतं अशा मोजक्या धार्मिक जागांपैकी एक. खाली रंगीत टाइल्सची नक्षी, मधे गिलाव्यात कोरलेली जाळी आणि लिखाण, वर देवदाराचं काळपट लाकूड, असे तीन थर भिंतीवर चढत जातात. त्या टाइल्सचा एकेक तुकडा हातोडीनं हातानं कापतात आणि नक्षी जोडताना तुकडे उलटे मांडतात, म्हणजे रंगाची बाजू जमिनीकडे आणि कारागिराला दिसते फक्त मागची कोरी माती, रंग कुठला कुठे बसला हे सगळं त्याच्या डोक्यात. हे ऐकल्यावर आप्पा अंगणाच्या कडेला बसले आणि आम्ही निघायला उभे राहिलो तरी उठेनात. समोरच १३५७ चं पाण्यावर चालणारं घड्याळ आहे, म्हणजे आता नुसती खिडक्यांची भिंत उरली आहे, चालू नाही. तिथं दोन मिनिटं पुरे.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते मात्र तिकिटाचं काहीच नाही. इथल्या प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, पाण्याचा नळ-हौद, हमाम, पोरांची कुराणशाळा आणि भट्टी ह्या पाच गोष्टी असायच्याच अशी जुनी रचना आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून चालू आहे. भट्टीवर गेलो तेव्हा एक लहान पोरगी डोक्यावर फळी घेऊन आली, फळीवर फडक्याखाली घरी मळून थापलेल्या गोल पावाच्या चकत्या, भट्टीवाल्यानं लांब दांड्याच्या लाकडी उलथण्यानं त्या आत सरकवल्या, आणि कुठल्या चकत्या कुणाच्या घरच्या हे त्याला चिठ्ठी-खूण न करता आठवत होतं. एकाच लाकडात पाव पण भाजतात आणि शेजारच्या हमामचं पाणी पण तापतं अशी जोडणी काही मोहल्ल्यांत आहे. हे शहर टुरिस्टसाठी सजवून ठेवलेलं नाही, माणसं राहतात, भांडतात, सिलेंडर मागवतात, आणि ते सिलेंडर खेचराच्या पाठीवर येतात. मागून "बालाक! बालाक!" असं ओरडणं ऐकू आलं की लगेच भिंतीला चिकटायचं, खेचर थांबत नाही. म्हाताऱ्या माणसाला कायम भिंतीच्या बाजूनं चालवा.

पुढे करवियीन मशीद. इथं बायको जास्त वेळ थांबली, ती शाळेत शिकवते. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं वडिलांकडून आलेल्या संपत्तीतून ८५९ मध्ये ही मशीद उभारली असं परंपरेनं सांगतात, घराणं मूळचं ट्युनिशियातल्या कैरवानचं, आणि तिथंच पुढे शिकवणं सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही असं मानतात, म्हणून जगातलं सगळ्यात जुनं अखंड चालू विद्यापीठ म्हणून गिनेसमध्ये पण नोंद आहे. तिची बहीण मरियम, तिच्या नावावर नदीपलीकडची अंदलुसी मशीद. बिगर मुसलमानांना आत प्रवेश नाही, दारातून अंगण दिसतं तेवढंच, दारं बरीच आहेत त्यामुळे वेगवेगळ्या बाजूंनी दिसतं. दारात उभं राहून फोटो काढताना नमाजाची वेळ असेल तर थांबा, गाईडनं आम्हाला तसं सांगितलं आणि बरोबरच आहे. शेजारच्या ग्रंथालयाची दुरुस्ती फेझमध्येच जन्मलेल्या अझीझा शाउनी ह्या आर्किटेक्ट बाईंनी केली, २०१६ मध्ये काम पुरं झालं. बायको म्हणे सुरू केलं बाईनं आणि बाराशे वर्षांनी सावरलं पण बाईनंच, हे मी पोरींना सांगणार.

आता सफारीन चौक. हे ग्रंथालयाच्या अगदी बाहेर आहे, छोटासा चौक, मधे एक झाड आणि चहूबाजूंनी तांब्या-पितळेची कामं. आत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. लग्नकार्याला लागतील एवढाली पातेली, किटल्या, तबकं, कल्हई केलेली भांडी, आणि माणसं जमिनीवर बसून ठोकताहेत. आप्पा एका कारागिरासमोर उभे राहिले, त्यानं काही न बोलता शेजारचं स्टूल सरकवलं, आणि पुढचा सगळा वेळ ते तिथंच. तांब्याचा सपाट पत्रा ठोकत ठोकत त्याचा वाडगा होत होता, मधेच तो पत्रा आगीत धरायचा, गार करायचा, पुन्हा ठोकायचा. आप्पा मला म्हणाले, "देख भो, हाई बठं हातनं काम शे," म्हणजे हे सगळं हाताचं काम आहे, आणि मग समजावलं की तांबं ठोकून ठोकून ताठ होतं, तसंच ठोकत राहिलं तर चिरतं, म्हणून ताव देऊन मऊ करून घ्यावं लागतं, आणि कधी ताव द्यायचा हे ठोक्याच्या आवाजावरून कळतं. हे त्यांना कुणी तिथं सांगितलं नव्हतं. गाईड त्या कारागिराचं बोलणं इंग्रजीत करायचा, मी ते आप्पांना अहिराणीत, आणि आप्पांचं उलट त्याला, असं मोठं चालू होतं, हातोडीचं तोंड किती गुळगुळीत ठेवता, दिवसाला किती नग, पोरं शिकतात का. शेवटच्या प्रश्नाला त्यानं मान हलवली, म्हणे पुतण्या येतो, बाकी कुणाला बसून काम नको. आप्पा गप्पच झाले थोडा वेळ. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन्ही पोरं आता साच्यात दागिने ओतायच्या कास्टिंगच्या मशीनवर आहेत.

आप्पांनी तिथून एक लहान वाडगा घेतला, आणि सांगितला तो भाव दिला, एक दिरहम कमी केला नाही, मला म्हणाले घडणावळीत घासाघीस करायची नसते. बाकी बाजारात सगळे भाव करतात आणि करावा, पण ह्या चौकात ठोकणाऱ्याच्या हातून घेत असाल तर माझी पण विनंती आहे की फार ताणू नका.

चवारा टॅनरी, म्हणजे चामडं कमावायचे हौद. हे सगळ्यांना बघायचंच असतं. वरून बघायला चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जावं लागतं, दारात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. वास खरंच जबर आहे, ज्यांना पटकन मळमळतं त्यांनी जेवणाआधी जा. पांढऱ्या हौदात चुना आणि कबुतराची विष्ठा, चुन्यानं केस सुटतात आणि विष्ठेतल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं, मग पुढच्या हौदांत रंग. माणसं मांड्यांपर्यंत त्या पाण्यात उभं राहून पायानं तुडवतात, ऊन असो थंडी असो. गाईडनं प्रामाणिकपणे सांगितलं की झाडपाल्याच्या रंगांची परंपरा सगळे सांगतात पण आता केमिकलचे रंग पण वापरतात. मला ते बघताना फोटो काढावासा वाटेना, खाली माणूस एवढं कष्टाचं काम करतोय आणि वर आपण पुदिना हुंगत उभे. ज्यांना काढायचा त्यांनी काढावा, पण गच्चीवरच्या पोराला दहा-वीस दिरहम द्या, काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

जेवण. आम्ही शाकाहारी, तर नीट वाचा. भाज्यांचा कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) किंवा ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) मागितला तरी तो मटणाच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, वर नुसत्या भाज्या दिसतात, म्हणून गाईडला सकाळीच सांगून ठेवा, आमच्यानं फोन करून आधीच सांगितलं होतं. हरीरा सूपमध्ये पण बऱ्याचदा मटण असतं. बिसारा हे वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं, ते छोट्या टपऱ्यांवर स्वस्तात मिळतं आणि पोट भरतं. आणि झालूक! वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, लाल तिखटासारखी पूड आणि ऑलिव्ह तेल, सगळं शिजवून घोटलेलं, पावाशी खायचं. आपल्या भरताचीच चुलत बहीण समजा, फक्त तिखट नाही, बामणोदच्या भरताच्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला मिरची कमी पडते, आम्ही डब्यातला ठेचा काढला आणि गाईडनं पण चाखला, डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितला. पुदिन्याचा चहा गोड फार असतो, साखर कमी हवी तर आधी सांगा.

आता अर्धा मार्क. जेवणानंतर त्यानं आम्हाला गालिच्यांच्या एका दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहित नाही. चहा आला, एकामागून एक गालिचे उलगडले, आम्ही नको म्हटल्यावर आणखी उलगडले, आप्पांना बसायला मिळालं हे खरं पण जवळपास तास गेला, आणि निघताना मालकाचा चेहरा पडला. गाईडला तिथं कमिशन असतं हे उघड आहे. मी बाहेर आल्यावर शांतपणे सांगितलं की आता दुकान नको, त्यानं लगेच ऐकलं, वाद नाही, म्हणून अर्धाच कापला. पण तो तास मेल्लाहला मिळाला असता.

मेल्लाह म्हणजे पंधराव्या शतकातली ज्यूंची वस्ती, फेझ अल-जदीद ह्या भागात, जो मरिनींनी १२७६ मध्ये वसवला. लाल छोट्या टॅक्सीनं गेलो. रस्त्याकडे तोंड करून लाकडी सज्जे असलेली घरं, जुन्या भागात घरं आतल्या अंगणाकडे बघतात त्याच्या अगदी उलट. सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग आणि पांढऱ्याशुभ्र थडग्यांची दफनभूमी, दोन्ही घाईत झालं. राजवाड्याची पितळी दारं बाहेरूनच बघायची, ती विसाव्या शतकातली पण काम फेझच्याच कारागिरांचं. संध्याकाळी मरिनी थडग्यांच्या टेकडीवर टॅक्सी जाते, वरून अख्खं जुनं शहर दिसतं, उजेड असतानाच जा आणि टॅक्सी थांबवून ठेवा.

बुकिंग करताना गाईडला तीन गोष्टी लिहूनच पाठवा: दुकानं नकोत, सफारीन चौकात भरपूर वेळ हवा, आणि जेवण मटणाच्या रश्श्याशिवाय. शुक्रवार टाळा, दुपारी बाजार बराचसा बंद असतो. बूट रबरी तळव्याचे, फरशी घासून गुळगुळीत झालेली आहे आणि तला कबीरा सगळा उतार, गुडघेदुखीवाल्यांना परत चढून आणू नका, खालच्या बाजूनं रसीफच्या दरवाज्यातून बाहेर पडलं की तिथं टॅक्सी मिळते. सुटे दिरहम खिशात ठेवा. आणखी काही विचारायचं असेल तर खाली लिहा, आप्पांकडून तांब्याच्या वाडग्याबद्दल पण विचारून सांगेन.