बोटीवर डीसी क्लॅम्प मीटर: काही महिने वापरल्यानंतर

छोट्या बोटीसाठी मीटर घेताना आधी एवढंच पाहा: क्लॅम्प (वायर न तोडता तिच्याभोवती लावून करंट मोजायचा जबडा) डीसी करंट मोजतो का? स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजतात. खोक्यावरचं 'डीसी' व्होल्टेजपुरतं असतं. १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या बोटीत तसला क्लॅम्प शोभेचाच. हॉल सेन्सरवाला (करंटचं चुंबकत्व ओळखून डीसीही मोजणारा) घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

माझी बॅटरी उभ्या बोटीत उतरायची. सगळं बंद करून निगेटिव्ह केबलभोवती क्लॅम्प लावला तर ०.४ अँपिअर. म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास! एकेक फ्यूज काढत गेलो, बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप) थेट बॅटरीवरून घेतलेली वायरही सोडवली, आकडा हलेना. शेवटी अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) वायर काढली आणि करंट शून्यावर आला. आतला डायोड, जो करंट एकाच दिशेने जाऊ देतो, तो उलट्या दिशेनेही गळत होता. एकही वायर न तोडता इथवर पोचता येतं, या एका कामात मीटरचे पैसे वसूल झाले.

पंप रडतखडत चालत होता, तिथे मात्र क्लॅम्प नव्हे, साधे प्रोबच कामी आले. पंपाची वायर सुटी करून मोजली तर १२.६ व्होल्ट, अगदी ठणठणीत. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीत एखादी तार शाबूत असली तरी पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून पंप चालू ठेवून मोजायचं: एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा पंपाच्या प्लसवर. दिसतो तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. मग तसंच निगेटिव्हकडून. पंपासारख्या महत्त्वाच्या सर्किटला जाऊन-येऊन ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टपर्यंत चालतं. माझ्याकडे प्लसची बाजू ठीक होती, निगेटिव्हला दीड व्होल्टच्या वर ड्रॉप! (निगेटिव्हकडे कुणी बघतच नाही.) प्रोब एकेका जोडावरून पुढे सरकवत नेला, जिथे आकडा एकदम उडाला तिथला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) बाहेरून चकचकीत, आणि इन्सुलेशन सोललं तर आत तांबं काळंठिक्कर. चांगलं तांबं लागेपर्यंत कापत गेलो आणि पुढचा तुकडा कल्हई केलेल्या वायरीचा टाकला. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

कंटिन्युइटीचा बीप (वायर सलग आहे असं सांगणारा मीटरचा आवाज) अशा ठिकाणी दगा देतो. ०.१ ओहमचा जोड ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट खातो, आणि बीप खुशाल वाजत राहतो. जुना टेस्ट लॅम्प स्वतः करंट घेतो, म्हणूनच तो मी फेकून दिलेला नाही.

तक्रारीही आहेत. झिरो सरकतो, म्हणजे करंट नसतानाही आकडा दिसतो; मोजायच्या जागी, त्याच दिशेला धरून दर वेळी झिरो करावा लागतो, कारण पृथ्वीचं चुंबकत्वही त्याला चाळवतं. ०.१ अँपिअरखालच्या आकड्यावर मी विसंबत नाही. तिथे साधा मल्टिमीटर सर्किटमध्ये ओळीने जोडावा लागतो, आणि ते झालं की लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढचं व्होल्टेज मोजताना थेट शॉर्ट. स्क्रीनचा दिवा इंजिनच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हात अडकलेला असतानाच विझतो. प्रोबच्या वायरी तोकड्या. बॅटरीपासून पंपापर्यंत पोचायला क्लिप लावलेली लांब वायर स्वतः करून घ्यावी लागली.

पाचपैकी चार. जबडा थोडा मोठा असता तर बॅटरीच्या निगेटिव्हवरच्या सगळ्या केबल एकदम मावल्या असत्या. आत्ता त्या दोन खेपांत मोजून बेरीज करावी लागते.