चंद्रावर कोणाची पाळी होती? : अपोलो दलांच्या पत्त्यांच्या संचाचे परीक्षण

सांगलीत हरभट रोडवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांवर बेतलेला पत्त्यांचा संच काही महिन्यांपासून विक्रीस आहे. तो शहरातल्याच एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी तयार केला असून छपाईही इथेच झाली आहे. पेटीत अंतराळवीरांचे पत्ते, मोहिमांचा मोठा घडीचा तक्ता, ‘कारण’ असे शीर्षक असलेले लाल पत्ते आणि एक छोटी नियमपुस्तिका एवढा ऐवज आहे. किंमत साडेतीनशे रुपये. चंद्राकडे जी माणसे गेली त्यांच्याऐवजी दुसरे कोण जाऊ शकले असते आणि ते का गेले नाहीत, या एकाच प्रश्नाभोवती सगळा खेळ रचलेला आहे. मुलांना अपोलोची गोष्ट सांगताना आपण बहुधा आर्मस्ट्राँग यांच्या पहिल्या पावलापासून सुरुवात करतो. ते पाऊल त्यांच्याच वाट्याला कसे आले हे सांगणारे साधन मराठीत हाती आले, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातले गुण आणि उणिवा दोन्ही नीट नोंदवाव्यात असे वाटले.

तक्त्यावर अपोलो ७ ते अपोलो १७ या मोहिमा एकाखाली एक मांडलेल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर दोन ओळी आहेत, एक मुख्य दलाची आणि दुसरी राखीव दलाची. ही दले ठरवण्याचे काम डीक स्लेटन यांच्याकडे होते. ते स्वतः अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. पण हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेमुळे १९६२ मध्ये त्यांचे उड्डाण रद्द झाले आणि पुढे इतरांना उड्डाणे वाटून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आपल्या गावाला मुख्य नट आजारी पडला की उभ्या राहणाऱ्या बदली नटाची ओळख आहे, परंतु स्लेटन यांच्या पद्धतीत राखीव माणसाला त्याहून मोठा भरवसा होता: एका मोहिमेला राखीव राहिलेले दल मधल्या दोन मोहिमा सोडून तिसऱ्या मोहिमेचे मुख्य दल व्हायचे. अपोलो ७ चे राखीव दल स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन यांचे होते आणि तेच तिघे अपोलो १० वर गेले. हा क्रम कुठे पाळला गेला आणि कुठे मोडला, हे शोधत जाणे म्हणजेच हा खेळ.

खेळाचा मुख्य नियम मला अतिशय आवडला. खेळाडूला तक्त्यावरचे कोणतेही नाव बदलता येते, मात्र त्यासाठी त्याने लाल पत्ता टाकून कारण सांगितले पाहिजे आणि त्या बदलाचा परिणाम खालच्या सर्व मोहिमांपर्यंत स्वतः नेला पाहिजे. केवळ ‘असे झाले असते तर’ म्हणून सुटका होत नाही. विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीतील नववी-दहावीच्या मुलांसोबत आम्ही हा संच खेळत आलो आहोत, आणि मुले सर्वांत जास्त रमतात ती ऑगस्ट १९६८ च्या लाल पत्त्यापाशी.

तो पत्ता खरोखरच या संचाचा कणा आहे. अपोलो ८ ही मोहीम मुळात मॅकडिव्हिट, स्कॉट आणि श्वायकार्ट यांची होती. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत लूनर मॉड्यूलची, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाची, पहिली समानव चाचणी त्यांनी घ्यायची होती, आणि त्यांच्यामागे राखीव म्हणून पीट कॉनरॅड, डिक गॉर्डन आणि ॲलन बीन उभे होते. त्यानंतरची मोहीम फ्रँक बोरमन यांच्या दलाची होती आणि त्यांच्यामागे आर्मस्ट्राँग यांचे दल राखीव होते. पण लूनर मॉड्यूल वेळेवर तयार होईना. तेव्हा ह्यूस्टनमधील अपोलो यानाच्या कार्यालयाचे प्रमुख जॉर्ज लो यांनी सुचवले की लूनर मॉड्यूलची वाट न पाहता डिसेंबरमध्ये केवळ कमांड मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांना नेणारे-आणणारे मुख्य यान, चंद्राभोवती पाठवावे. मॅकडिव्हिट यांच्या दलाचा सगळा सराव लूनर मॉड्यूलचा असल्याने ते आपल्या यानासोबतच राहिले आणि बोरमन यांचे दल पुढे आले. अपोलो ८ आणि अपोलो ९ यांची मुख्य दले अशी बदलली, आणि त्यांच्यासोबत राखीव दलेही बदलली. आठला तीन मिळवले की अकरा होतात आणि नवाला तीन मिळवले की बारा. त्यामुळे आर्मस्ट्राँग अपोलो ११ च्या रांगेत आले आणि कॉनरॅड अपोलो १२ च्या. हा बदल झाला नसता तर, स्लेटन यांचा क्रम पाळला गेला आहे असे धरून, चंद्रावर पहिल्यांदा उतरणारे यान कॉनरॅड यांच्या हाती असते. पत्ते हातात घेऊन हे गणित मुले जेव्हा स्वतः मांडतात, तेव्हा त्यांना ते पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

याच काळात आणखी एक बदल घडला आणि संचाने तोही चोख दाखवला आहे. बोरमन यांच्या दलातील मायकेल कॉलिन्स यांच्या मानेच्या मणक्यावर जुलै १९६८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्या जागी आर्मस्ट्राँग यांच्या राखीव दलातून जिम लव्हेल गेले, त्याच राखीव दलातील ऑल्ड्रिन यांनी लव्हेल यांचे काम घेतले आणि ऑल्ड्रिन यांच्या जागी फ्रेड हेज आले. कॉलिन्स बरे होऊन परतले तेव्हा त्यांना आर्मस्ट्राँग यांच्या दलात घेतले गेले, ऑल्ड्रिन पुन्हा आपल्या मूळ कामावर आले आणि हेज यांना अपोलो ११ च्या राखीव दलात जावे लागले. एका माणसाच्या मानेच्या दुखण्याने चौघांच्या जागा हलल्या. ९ जानेवारी १९६९ रोजी अपोलो ११ चे दल जाहीर होण्यापूर्वी स्लेटन यांनी आर्मस्ट्राँग यांना ऑल्ड्रिन यांच्याऐवजी लव्हेल यांना घेण्याचा पर्यायही दिला होता. लव्हेल यांना स्वतःच्या मोहिमेचे नेतृत्व मिळाले पाहिजे, असा विचार करून आर्मस्ट्राँग यांनी तो स्वीकारला नाही. या प्रसंगाला संचात स्वतंत्र पत्ता आहे याचे मला विशेष वाटते, कारण बाकीचे बहुतेक बदल आजार, अपघात किंवा यंत्रांच्या विलंबामुळे झाले, तर इथे एका माणसाने विचार करून दुसऱ्या माणसाचा मान राखला.

ऑल्ड्रिन यांच्या पत्त्यामागे जेमिनी या अपोलोआधीच्या, दोघांच्या यानांच्या कार्यक्रमाचा एक धागा दिला आहे, तोही वाचण्याजोगा आहे. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी जेमिनी ९ चे मुख्य दल, म्हणजे एलियट सी आणि चार्ल्स बॅसेट, सेंट लुईस येथे खराब हवेत उतरताना टी-३८ विमान कारखान्याच्या इमारतीवर आदळून मृत्युमुखी पडले. त्यानंतर जेमिनी १० ला राखीव असलेले लव्हेल आणि ऑल्ड्रिन जेमिनी ९ ला राखीव झाले आणि त्याच क्रमाने जेमिनी १२ चे मुख्य दल ठरले. जेमिनी १३ नावाची मोहीमच नव्हती; म्हणजे तो अपघात झाला नसता तर ऑल्ड्रिन यांना जेमिनीचे उड्डाण मिळण्याचा मार्गच दिसत नाही, आणि त्या अनुभवाशिवाय अपोलोच्या पहिल्या दलांत त्यांना जागा मिळणे अवघड होते. ॲलन बीन यांचीही कथा अशीच आहे. कॉनरॅड यांच्या दलात मुळात क्लिफ्टन विल्यम्स होते. ५ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे टी-३८ विमान कोसळले आणि त्यांच्या जागी बीन आले. अपोलो १२ च्या बोधचिन्हावर अंतराळवीर तिघे असताना तारे चार आहेत, त्यातला चौथा विल्यम्स यांचा. संचकर्त्यांनी विल्यम्स यांचा पत्ता बीन यांच्या पत्त्याइतकाच मोठा आणि रंगीत छापला आहे. तो लहान किंवा काळ्या चौकटीत न छापण्याचा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार गस ग्रिसम यांच्या पत्त्याविषयी आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो यानाला लागलेल्या आगीत ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यांचा मृत्यू झाला. ग्रिसम जिवंत असते तर चंद्रावर पहिले पाऊल त्यांचेच पडावे अशी आपली इच्छा होती, असे स्लेटन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि संचातील लाल पत्ता त्या आधारे ग्रिसम यांना सरळ अपोलो ११ वर बसवू देतो. इथे मला संचकर्त्यांशी मतभेद नोंदवावासा वाटतो. कॉनरॅड यांची शक्यता जाहीर झालेल्या नेमणुकांवर आणि चालू असलेल्या क्रमावर उभी आहे. ग्रिसम यांची शक्यता एका माणसाने नंतर सांगितलेल्या इच्छेवर उभी आहे. दोन्ही आदराने ऐकाव्यात, पण दोन्हींना एकाच रंगाचा पत्ता देऊ नये. आमच्याकडच्या मुलांपैकी एकीने हा पत्ता टाकून आर्मस्ट्राँग यांना तक्त्यावरून उचलले, तेव्हा ‘हे ठरलेलेच होते का, काकू?’ असा तिचा प्रश्न होता, आणि नियमपुस्तिकेत त्याला उत्तर नव्हते.

दुसरी उणीव आगीपूर्वीच्या काळाची. तक्ता अपोलो ७ पासून सुरू होतो, त्यामुळे डिसेंबर १९६६ ची मांडणी त्यात येतच नाही. त्या वेळी मॅकडिव्हिट यांच्यामागे स्टॅफर्ड यांचे दल राखीव होते आणि कॉनरॅड, गॉर्डन व विल्यम्स हे बोरमन यांच्यामागे होते. आर्मस्ट्राँग यांचे दल अजून रांगेत आलेलेच नव्हते. शिरा, आयसली आणि कनिंगहॅम यांना दिलेली अपोलोची दुसरी समानव मोहीम तेव्हाच रद्द होऊन ते ग्रिसम यांचे राखीव दल झाले होते, आणि आगीनंतर त्यामुळेच अपोलो ७ त्यांच्याकडे आले. आयसली तर मुळात ग्रिसम यांच्याच दलात होते. खांद्याच्या दुखापतीमुळे ते बाजूला झाले आणि त्यांच्या जागी चॅफी आले. ‘दुसरे कोण असते’ या प्रश्नाचा इतका विदारक दाखला असताना तो संचाबाहेर राहावा, हे खटकते. तक्ता वरून दोन ओळी वाढवला असता तरी पुरले असते.

तिसरे म्हणजे तक्त्यावर मोहिमांचे क्रमांक आहेत, पण अक्षरे नाहीत. नियोजनात मोहिमा सी, डी, ई, एफ, जी अशा टप्प्यांनी ओळखल्या जात: सी म्हणजे कमांड मॉड्यूलची चाचणी, डी म्हणजे लूनर मॉड्यूलसह पृथ्वीजवळची चाचणी, ई म्हणजे तशीच चाचणी पृथ्वीपासून अधिक दूर, जी म्हणजे प्रत्यक्ष उतरणे. अपोलो ८ चंद्राभोवती गेले आणि ई हा टप्पा गाळला गेला, म्हणूनच उतरण्याची मोहीम अकराव्या क्रमांकावरच राहिली. अक्षरे न दिल्याने अपोलो ११ हा क्रमांक जणू आधीपासूनच चंद्रावर उतरण्यासाठी राखून ठेवला होता असा मुलांचा समज होतो. ११ चे उतरणे फसले असते तर तीच कामगिरी लगोलग कॉनरॅड यांच्या दलाकडे आली असती, हेही त्यामुळे ध्यानात येत नाही.

छपाई स्वच्छ आहे आणि नावांची देवनागरी रूपे बहुतेक ठिकाणी एकसारखी आहेत. पत्त्यांचा कागद मात्र पातळ आहे आणि तक्ता घडीवर लवकर फाटतो. मागून कापडी पट्टी चिकटवून घ्यावी.

नंतरच्या मोहिमांचा भाग संचाने झटपट उरकला आहे आणि ते बऱ्याच अंशी ठीक आहे. अपोलो १० चे राखीव प्रमुख गॉर्डन कूपर यांना क्रमाने अपोलो १३ मिळायला हवे होते. ते कानाच्या विकारातून बरे झालेल्या ॲलन शेपर्ड यांच्याकडे जाणार होते, पण त्यांना सरावाला अधिक वेळ हवा असे नासाच्या वरिष्ठांनी ठरवले आणि लव्हेल यांचे दल १४ वरून १३ वर आले. उड्डाणाच्या तीन दिवस आधी जर्मन गोवराच्या संसर्गाच्या भीतीने त्या दलातील मॅटिंगली यांच्या जागी स्वायगर्ट गेले, हे तर सर्वश्रुत आहे. मुलांना इथे भावतो तो हेज यांचा पत्ता. आठला राखीव, अकराला राखीव, तेराला मुख्य दलात पण चंद्रावर न उतरताच परत, आणि सोळाला पुन्हा राखीव. त्यापुढे क्रमाने येणारी अपोलो १९ १९७० मध्येच रद्द झालेली. हा पत्ता तक्त्यावरून चार ठिकाणी फिरवताना मुले गप्प होतात आणि मग ‘त्यांना एकदा तरी उतरवू या’ म्हणून कारण शोधू लागतात. ती धडपड मला या संचाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

जो एंगल यांचा पत्ता मात्र संचात नाहीच, आणि ही चूक दुरुस्त झाली पाहिजे. अपोलो १४ ला ते सर्नन यांच्यासोबत राखीव होते, म्हणून अपोलो १७ त्यांचे होते. परंतु अपोलो १८ रद्द झाल्यावर चंद्रावर एक तरी भूशास्त्रज्ञ जावा म्हणून त्यांच्या जागी हॅरिसन श्मिट यांना घेण्यात आले. यंत्र बिघडले नव्हते, कोणी आजारी नव्हते, आणि शास्त्राच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. तरीही एका माणसाची चंद्रभेट त्यात गेली. दुकानात सांगितल्याप्रमाणे दुसरी छपाई दिवाळीनंतर होणार आहे. घाई नसेल तर तोवर थांबावे. ज्यांना मुलांच्या सुट्टीसाठी संच हवा असेल त्यांनी आताचाच घ्यावा, तक्त्याच्या कडेला अक्षरे पेन्सिलीने लिहावीत, ग्रिसम यांच्या लाल पत्त्याला वेगळी खूण करावी आणि एंगल यांचा पत्ता घरी तयार करून अपोलो १४ च्या राखीव ओळीत ठेवावा.