रंग खरा शोधतात, ट्रिम मात्र आपण सांभाळावं: धुळ्यातलं जुन्या पिकअपचं एक गॅरेज

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकला लागणारं सगळं इथे हाताशी आहे: कमानपाटे, हौदे बांधणारे, रेडियमवाले, रंगारी. पण सत्तर वर्षांपूर्वीची पिकअप आणून दिली आणि ‘कंपनीतून आली तेव्हा होता तोच रंग पाहिजे’ असं सांगितलं, तर बहुतेक ठिकाणी समोर आजच्या गाड्यांचं शेडकार्ड येतं. हे गॅरेज तसं करत नाही. तीन गाड्या मावतील एवढं शेड, मागे पंखे लावलेली बंदिस्त रंगखोली, रंगाचा एक मिस्त्री आणि पत्र्याचा एक. शिरपूर, चाळीसगाव, पार जळगावहूनही लोक गाड्या आणतात.

निकाल आधीच सांगायचा तर रंग शोधण्यात आणि जुळवण्यात दहापैकी नऊ गुण. कंपनीचे ऑप्शन (जादा पैसे मोजून घ्यायच्या वस्तू) आणि ट्रिम (जाळी, पट्ट्या, नावपट्टी अशी सजावट) यांत दहापैकी चार, तेही हात सैल सोडून.

गाडी आली की मिस्त्री आधी रंग बघत नाही, जागा बघतो. टप आणि बॉनेटवरचा नमुना तो घेतच नाही, आणि ते बरोबर आहे. खान्देशातल्या उन्हाने त्या दोन जागांचा रंग कधीच खाल्लेला असतो. ग्लोव्हबॉक्सचा पुठ्ठा काढून आतला पत्रा, मीटरच्या मागची बाजू, दाराच्या बिजागरीचा खळगा, बॉनेटवरच्या नावपट्टीखालची जागा, सीटच्या मागे टाकी असेल तर टाकीमागची भिंत: इथे सहसा नंतरच्या कुठल्याच रंगाऱ्याची गन पोचलेली नसते. त्यातल्या दोन-तीन ठिकाणी आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा तो पाण्याने घासतो. आधी ४०० चा पेपर, मग ८००, १५००, २०००, शेवटी कंपाउंड. कांदा आडवा कापल्यासारखी वर्तुळं उमटतात. बाहेरचं वर्तुळ सगळ्यात नवं, आतलं सगळ्यात जुनं.

सगळ्यात खालचा थर तोच मूळ, असं मात्र नसतं. त्याच्याखाली घासल्याचे ओरखडे किंवा लांबी (खड्डे बुजवायचा लेप) सापडली, तर त्या जागेचा पत्रा आधी कुणीतरी ठोकलेला आहे. स्वच्छ अस्तरावर (प्रायमरवर) सरळ बसलेला आणि बॉडी जुळवल्यावर गन जाऊच शकणार नाही अशा कोपऱ्यातही तोच सापडणारा थर, तो मूळ. मिस्त्री किमान तीन जागा एकमेकींशी ताडून बघतो. घाईचं गिऱ्हाईक एका जागेवर समाधान मानतं आणि तिथेच फसतं, कारण एखादं दार दुसऱ्या गाडीचं निघणं जुन्या पिकअपमध्ये अगदी नेहमीचं.

घासायचं ते ओलंच. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. कोरडा ग्राइंडर फिरवला की ती धूळ नाकात आणि शेजारच्या घरात जाते. इथे ग्राइंडर फक्त गंजासाठी निघतो, हे नोंदवण्यासारखं आहे.

आता तक्त्याचा प्रश्न. १९४७ च्या मध्यावर आलेल्या आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चाललेल्या शेवरोलेच्या अ‍ॅडव्हान्स डिझाइन पिकअपचे अमेरिकी रंगतक्ते सहज मिळतात. फॉरेस्टर ग्रीन, स्विफ्ट्स रेड, ओमाहा ऑरेंज, मरिनर ब्लू, केप मेपल ब्राउन, जेट ब्लॅक अशी नावं त्यात आहेत. यातला फॉरेस्टर ग्रीन हा नेहमीचा रंग. तो इतका गडद आहे की सावलीत काळाच वाटतो. लोक त्याला ‘बाटली हिरवा’ म्हणून मारून घेतात आणि गाडी ट्रॅक्टरसारखी दिसायला लागते. पण तक्ता अमेरिकेतल्या कारखान्याचा. आपल्याकडे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. डॉज आणि फार्गो या गाड्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळवल्या जायच्या, तर महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये हाती घेतली. सुटे भाग आणून इथे जुळवलेल्या गाडीवर रंगही इथेच बसला असेल, ही शक्यता धरावीच लागते. म्हणून तक्त्यापेक्षा गाडीच्या अंगावरचा थर मोठा पुरावा. गॅरेज हे मानतं. थर तक्त्यातल्या कुठल्याच रंगाशी जुळला नाही, तर ते तक्ता बाजूला ठेवतात, गाडीला खोटं पाडत नाहीत.

मूळ तुकडा सापडला की तो रंग मिसळून देणाऱ्या दुकानात मशीनवर वाचून घेतात. मशीनला सपाट, चकाकणारी जागा लागते, म्हणून ग्लोव्हबॉक्सचं झाकणच काढून नेतात. मशीनने दिलेलं सूत्र इथे फक्त सुरुवात. वीतभर लांबीच्या पत्र्यावर नमुना मारून, वाळवून, तो मूळ जागेशेजारी तीन उजेडांत धरतात: भर दुपारचं ऊन, शेडची सावली, ट्यूबलाइट. जुने हिरवे आणि तपकिरी रंग इथेच दगा देतात. उन्हात जुळतात आणि ट्यूबखाली लालसर दिसतात, कारण आजची रंगद्रव्यं वेगळी असतात. दुरुस्ती थेंबाथेंबाने होते. तीन-चार फेऱ्या धरून चालावं. पहिल्याच नमुन्याला ‘चालेल’ म्हणू नका. गॅरेजवाला स्वतः म्हणत नाही, तर तुम्ही कशाला?

माल कोणता वापरावा, यावर इथे वाद होऊ शकतो. त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नव्हता. रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. म्हणून बेसकोट आणि वर क्लिअर मारलेली १९४९ ची पिकअप काचेच्या बाटलीसारखी दिसते. गॅरेज टूके पीयूचा, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पॉलियुरेथेनचा, एकथरी रंग सुचवतं, आणि खान्देशच्या उन्हासाठी तोच योग्य. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग जुन्या तेजाच्या जवळ जातो आणि घासून चकाकवता येतो. पण इथल्या दोन-तीन उन्हाळ्यांत तो खडूसारखा फिका पडतो, आणि पावसाळ्यात मारला तर पांढुरका धुरकटपणा धरतो. सिंथेटिक इनॅमल स्वस्त आणि शेतावरच्या गाडीला पुरेसा, पण वाळायला वेळ घेतो. काळ्या मातीची धूळ तेवढ्यात त्याच्यावर कायमची बसते.

जुन्या थरावर नवा मारण्याआधी थिनरचा बोळा दहा सेकंद ठेवून बघतात. रंग विरघळून बोळ्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर टूके. इनॅमलवर सरळ एनसी किंवा कडक थिनरचा रंग मारला की तो उचकतो, सापाच्या कातीसारखा. मधे इपॉक्सी प्रायमरचा थर हवा. हे गॅरेज तो वगळत नाही.

संपूर्ण गाडीला, आतून-बाहेरून आणि हौद्यासकट, साधारण चार लिटर रंग लागतो, हार्डनर आणि थिनर सोडून. गनला १.३ किंवा १.४ मिमीचा नोझल, तीन हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच ठेवावं. ‘लवकर वाळावं’ म्हणून जास्त घातला की रंग ठिसूळ होतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा नेहमीचा थिनर गनमधून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडतो. पृष्ठभाग खरबरीत होतो किंवा सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. त्या दिवसांत संथ थिनर आणि पहाटे पाच ते आठची वेळ. गॅरेजच्या मिस्त्रीला हे माहीत आहे. मालकाला गाडी लवकर द्यायची असते, म्हणून मेमध्ये दुपारीही गन चालते. टपावर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला तर तो त्या दुपारचा समजा. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गाडी द्या. आणि टूके मारताना मिस्त्रीच्या तोंडाला रुमाल नव्हे, ताज्या हवेचा मास्क हवा; हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करतं. इथे एकच मास्क आहे. मदतनीस पोऱ्या मात्र रुमालावरच असतो, ही या जागेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार.

आता ट्रिम. रंगात इतकी निष्ठा दाखवणारी माणसं ऑप्शनच्या बाबतीत लग्नाच्या वरातीची घोडी सजवतात. साधी ३१०० (शेवरोलेच्या याच पिकअपचं एक मॉडेल) आणली की पुढच्या जाळीला क्रोम, हौद्याला वॉर्निश आणि स्टीलच्या चकचकीत पट्ट्या, दोन्हीकडे आरसे. खरं तर सुरुवातीच्या वर्षांत साध्या गाडीच्या जाळीच्या बाहेरच्या पट्ट्या बॉडीच्या रंगाच्या आणि आतल्या वॉल्डॉर्फ व्हाइट असायच्या. क्रोमची जाळी पैसे मोजून घ्यायची. पुढे कोरियन युद्धाच्या काळात क्रोमच मिळेनासं झालं. म्हणजे त्या वर्षांच्या गाडीला क्रोम घालणं म्हणजे तिचं वयच खोटं सांगणं. फर्निचरसारखं चकाकणारं लाकूड तर कंपनीने हौद्यात कधीच घातलं नाही. शिवाय रावेर-यावलकडे केळी वाहिलेल्या हौद्याचं लाकूड चिकाने काळं पडलेलं असतं. तो डाग घासून जात नाही, फळी बदलावी लागते, आणि बदललीच तर रंगवलेली फळी जास्त प्रामाणिक.

मागच्या कोपऱ्यांतल्या वळलेल्या काचा हा डिलक्स केबिनचा ऑप्शन. त्या साध्या केबिनला कापून बसवलेल्या सापडतात. आतल्या अस्तराचा पुठ्ठा काढून काचेच्या चौकटीभोवती वेल्डिंगची रेघ आहे का, ते बघावं. मागे एकच दिवा स्टँडर्ड होता, दुसरा ऑप्शन. रस्त्यावर चालवायची असेल तर कायद्यासाठी दोन लावा, पण दुसऱ्याला ‘मूळ’ म्हणू नका. सहप्रवाशाच्या बाजूचा सनव्हायझर, रेडिओ, हीटर हेही पैसे देऊन घ्यायचे. हीटर जळगावच्या गाडीत शोधत बसण्यात अर्थ नाही, पण फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) त्याच्या भोकांवर झाकणपट्टी असेल तर ती तशीच ठेवा.

वर्ष ठरवायला गाडी स्वतःच बोलते. दुभंगलेली पुढची काच १९५३ पर्यंत, १९५४ ला एकसंध काच आणि नवी जाळी. दारात छोटी तिकोनी काच १९५१ पासून, दाबायच्या बटणाचं हँडल १९५२ पासून. बॉनेटच्या बाजूला १९४९ ते ५२ मध्ये शेवरोलेच्या नावाखाली ३१०० असतं, १९५३ मध्ये नुसताच आकडा. टाकी सीटमागे केबिनमध्ये आली ती १९४९ मध्ये. या गॅरेजने १९५१ च्या गाडीच्या बॉनेटला भलत्याच वर्षाची नावपट्टी लावून दिल्याचं दिसतं. दुकानात जी पट्टी होती ती लावली, एवढंच कारण. त्यामुळे ट्रिमची यादी तुम्हीच लिहून द्या, फोटोसकट, आणि ‘याव्यतिरिक्त काही लावू नये’ हे वाक्य तिच्यावर घाला. १९६७ नंतरच्या शेवरोलेला ग्लोव्हबॉक्सच्या दारावर ऑप्शनची चिठ्ठी असायची. आधीच्या गाड्यांना तसा कागद नाही, म्हणून चिठ्ठीची वाट बघू नका.

जाता जाता: १९५५ मध्ये शेवरोलेने कॅमिओ कॅरिअर नावाची दिमाखदार पिकअप काढली. तिच्या रंगाचं नाव बॉम्बे आयव्हरी, जोडीला लाल. त्या वर्षी ५,२२० गाड्या निघाल्या. नाव मुंबईचं असलं तरी शिवडीचा कारखाना तोवर बंद झाला होता. हा रंग साध्या ३१०० ला मारून ‘कॅमिओ’ म्हणणारे विक्रेते भेटतील. खऱ्या कॅमिओच्या हौद्याची बाजू फायबरग्लासची असते, चुंबक चिकटत नाही.

रंग मारण्याआधी आरसी बघा. तिथे लिहिलेला रंग आणि तुम्ही शोधलेला मूळ रंग वेगळे असतील, तर बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. जुनी गाडी म्हणून व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल, तर २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी लागते. ती तरतूद दोनचाकी आणि एम-१ गटातल्या, म्हणजे प्रवासी चारचाकींसाठी आहे. पिकअप आरसीवर मालवाहू म्हणून असेल, तर आधी धुळ्याच्या आरटीओत विचारून घ्या, मग गॅरेजला पैसे द्या.

मजुरी आणि माल हे लोक वेगळे लिहून देतात, ही चांगली सवय. अर्धा लिटर रंग उरवून, झाकण घट्ट लावून, त्यावर सूत्र आणि तारीख लिहून घ्या. हार्डनरचा डबा मात्र उघडा ठेवू नका, हवेतला ओलावा त्याला लागला की तो निकामी होतो.