अंगणात गाडी उभी आहे हे त्याला कसं दिसलं?

ज्यांची घरं मळ्यात, वस्तीवर आहेत आणि ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत एखाद्या स्टॉलवरून 'शेतकऱ्यांसाठी खास' राउटर आणि कॅमेऱ्यांचा सेट घेतला आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या घरी जे घडलं ते पैशापुरतं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण एक परका माणूस आमच्या अंगणात डोकावत होता आणि त्याची वर्गणी तो आमच्याकडूनच घेत होता. हे दुसऱ्या कुठल्या घरात घडू नये असं मनापासून वाटतं.

आमचा द्राक्षाचा मळा दिंडोरी तालुक्यात आहे आणि घरही मळ्यातच. शेजार म्हणाल तर बांधापलीकडची एक वस्ती. केबलवाल्यानं फायबर आणल्यापासून नेटची तक्रार नाही, पण त्याच्यासोबत आलेली डबी पुढच्या खोलीत. मागच्या खोल्या जुन्या, दीड-दोन फुटी दगडी भिंतींच्या, आणि पॅकिंग शेड पूर्ण पत्र्याचं. तिकडे रेंज नावाला नाही. आता हवामानाचा अंदाज, फवारणीचा सल्ला, ई-पीक पाहणी, व्यापाऱ्याला पाठवायचे मालाचे फोटो, मुलांचा अभ्यास, सगळंच नेटवर चालतं. म्हणून राउटर घ्यायचा हे ठरलेलंच होतं. माझ्या सासऱ्यांची, नानांची, एकच अट होती: रेंज थोडी कमी चालेल, पण बँकेचे व्यवहार याच नेटवर होतात, तेव्हा वस्तू सुरक्षित पाहिजे.

नाशिकला भरलेल्या एका कृषी प्रदर्शनात नाना आणि माझे मिस्टर गेले होते. तिथं एका स्टॉलवर मोठा फ्लेक्स: सिक्युअर लाँग रेंज राउटर, एक किलोमीटर रेंज, हॅकप्रूफ. चार अँटेनांचा काळा राउटर, सोबत दोन कॅमेरे. सेट साडेनऊ हजारांचा आणि वर्षाचा 'सिक्युरिटी प्लॅन' चोवीसशेचा वेगळा. स्टॉलवरचा माणूस नानांना बाबा-बाबा म्हणत होता. नानांनी सुरक्षिततेचं विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं: "बाबा, म्हणून तर प्लॅन आहे. आम्ही ऑफिसात बसून तुमच्या राउटरवर लक्ष ठेवतो." लक्ष ठेवतो हे शब्द त्यानं खरेच करून दाखवले.

चार दिवसांनी त्याचा मुलगा, की कामावरचा पोरगा, मोटारसायकलवर येऊन सगळं बसवून गेला. एक कॅमेरा ओट्यावर अंगणाकडे तोंड करून, दुसरा शेडला. मिस्टरांच्या फोनवर ॲप टाकून चित्र दाखवलं. वायफायचा पासवर्ड म्हणून नानांचा मोबाईल नंबर ठेवला, लक्षात राहायला सोपा म्हणून. मी राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मागितला, तर म्हणाला, "ताई, तो आमच्याकडंच राहतो, सिक्युरिटीसाठी. पोरांनी कुठं काय दाबलं तर सगळं बंद पडेल." पैसे यूपीआयनं एका व्यक्तीच्या नावावर गेले. जो कागद मिळाला त्याच्यावर बारीक अक्षरात 'कोटेशन' छापलेलं होतं, जीएसटी नंबर नाही, सिरियल नंबर नाही.

नेट महिनाभरात रडायला लागलं. कुठलंही पान उघडलं की जुगाराच्या जाहिराती. मागच्या खोलीत रेंज पूर्वीएवढीच, शेडमध्ये नाहीच. फोन केला तर आठशे रुपये व्हिजिट चार्ज सांगितला. मी पासवर्ड द्या म्हटलं, आमचं आम्ही बघतो. त्यावर तो आवाज चढवून बोलायला लागला आणि आत्ताच माणूस पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, आज नको, घरी पुरुष माणूस कोणी नाही, उद्या पाठवा.

तर म्हणतो, "कशाला खोटं बोलता ताई? अंगणात पांढरी पिकअप तर उभी आहे."

गाडी खरंच उभी होती, मिस्टर दुसऱ्याच्या गाडीतून ओझरला गेले होते. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा दोन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी काढल्या. त्या ओट्यावर आम्ही जावा-जावा दुपारी निवडायला बसतो, मुली खेळतात, नाना उघड्या अंगानं बसतात. हे सगळं किती दिवस कोण बघत होतं, हा विचार माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

माझा पुतण्या नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, तो त्याच आठवड्यात आला. त्यानं आधी कॅमेऱ्याचं ॲप उघडून दाखवलं. तिथं कॅमेऱ्याचा मालक म्हणून त्या विक्रेत्याचं खातं होतं आणि आमच्या फोनवर चित्र फक्त 'शेअर' केलेलं होतं. म्हणजे कॅमेरे आमच्या भिंतीवर, वीज आमची, नेट आमचं, आणि मालक तो. बसवणारा माणूस स्वतःच्या नंबरवरून कॅमेरा नोंदवतो आणि गिऱ्हाईकाला बघण्यापुरता हक्क देतो, हे फार ठिकाणी चालतं. कधी घाईत होतं, कधी मुद्दाम. आमच्याकडे तर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

मग राउटर. पुतण्यानं लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाकला, लॉगिनचं पान आलं. नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. पहिल्याच झटक्यात उघडलं. जो पासवर्ड मागितला म्हणून माझ्यावर आवाज चढवला, जो 'सिक्युरिटीसाठी' आमच्यापासून लपवला होता, तो कारखान्यातून येतो तोच होता. जगातल्या कुणालाही माहीत असलेला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते असेच: साठेक ठरलेली नावं-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, उघडलं की आत शिरायचं.

आत काय काय होतं ते पुतण्यानं एकेक करून सांगितलं, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायला लावला. रिमोट मॅनेजमेंट चालू, म्हणजे घराबाहेरून, इंटरनेटवरून सेटिंग बदलण्याची सोय उघडी. डीएनएसच्या रकान्यात भलताच पत्ता. डीएनएस म्हणजे आपण बँकेच्या साइटचं नाव टाकलं की ते नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं हे सांगणारी सेवा. ती चुकीच्या हातात असेल तर आपण नाव बरोबर टाकूनही दुसऱ्याच पानावर जाऊ शकतो. जाहिराती तिथूनच येत होत्या, कारण पत्ता बदलल्याबरोबर त्या थांबल्या. नानांचं नेट बँकिंग त्या महिन्यात बंदच होतं, ते सगळं शाखेत जाऊन करत होते, म्हणून खात्याला धक्का लागला नाही.

डब्ल्यूपीएससुद्धा चालू होतं. एक बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून फोन जोडायची ही सोय. तिच्यातली खोट २०११ सालीच उघड झाली आहे. आठ आकडे म्हटल्यावर कोट्यवधी शक्यता असतील असं वाटतं, पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. वायफायचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, या बाजूनं वाट मोकळीच राहते. आणि आमचा पासवर्ड तर नानांचा मोबाईल नंबर, जो तालुक्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे आहे.

फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची तारीख होती २०१५. त्याच पानावर कोपऱ्यात एका इंटरनेट कंपनीचं नाव. तेव्हा शंका आली की ही वस्तू नवी नाहीच. राउटर उलटा केला. खालच्या स्टिकरची एक कड किंचित वर आलेली होती. जाऊबाईंनी खोबरेल तेलाचं बोट त्या कडेवर फिरवलं, थोडा वेळ ठेवलं आणि नखानं हळूहळू सोलत नेलं. खाली दुसरा स्टिकर निघाला, पिवळट पडलेला. मॉडेल वेगळं, सिरियल नंबर वेगळा. वर लिहिलं होतं डुअल बँड, म्हणजे दोन लहरींवर चालणारा, वेग १२०० एमबीपीएस. खाली ३०० एमबीपीएस आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे वेग पाव आणि लहर एकच. त्या कंपनीनं ग्राहकांकडून परत घेतलेला जुना राउटर, नव्या खोक्यात.

चार स्क्रू काढून झाकण उघडलं तेव्हा तर नाना पाटावरून उठून जवळ आले. दोन अँटेनांच्या बारीक वायरी सर्किटला डाग देऊन जोडलेल्या होत्या. उरलेल्या दोन अँटेनांना वायरच नव्हती. नुसती पोकळ प्लास्टिकची दांडी, झाकणात अडकवलेली. नानांनी त्यातली एक काढून खिडकीकडे धरून आरपार पाहिलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

एक किलोमीटरच्या रेंजचं सांगते, कारण मळ्यातला माणूस याच शब्दाला भुलतो. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झसाठी किती ताकदीनं सिग्नल सोडायचा याला सरकारी मर्यादा आहे: २००५ च्या नियमांप्रमाणे यंत्राची ताकद एक वॅट आणि अँटेनासकट चार वॅट. आणि राउटर कितीही ओरडला तरी फोनचं बारीक आवाजातलं उत्तर त्याला ऐकू यावं लागतं. फोनची ताकद वाढत नाही. त्यामुळे दगडी भिंतींच्या घरात, पत्र्याच्या शेडमध्ये, घरगुती राउटरला एक किलोमीटर रेंज कुणी सांगत असेल तर तिथून सरळ पुढं चालू पडा. प्रदर्शनाच्या मोकळ्या मांडवात फोनवर रेंजचे दांडे फुल दिसणारच. पत्रा तर सिग्नल जवळजवळ परतच पाठवतो. तिथं उपाय एकच: शेडपर्यंत वायर न्यायची आणि तिकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या वायरीवरून वायफाय देणारी डबी, लावायची. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. त्याहून लांब किंवा उघड्यावरून न्यायची असेल तर फायबर टाकलेलं बरं, कारण विजेचा कडकडाट झाला की तांब्याच्या वायरीतून झटका थेट राउटरपर्यंत येतो. पावसाळ्यात मळ्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नंतर आम्ही नाशिकमधल्या एका दुकानातून रीतसर पक्क्या बिलावर राउटर घेतला, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला, खोक्यावरचा आणि राउटरखालचा नंबर दुकानातच जुळवला. डब्ल्यूपीए-३, म्हणजे वायफायला कुलूप लावायची नवी पद्धत, आहे ना, हे खोक्यावर बघितलं. ही पद्धत २०१८ साली आली आणि जुलै २०२० पासून वायफाय सर्टिफाइड शिक्का घेणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची आहे, म्हणजे ती नसलेला राउटर बहुतेक जुन्या मालातला समजायचा. जुने फोन, कॅमेरे तिला जुळत नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवता येतं. पण त्याच्या खालचं काही नको. अपडेट आपोआप घेतो का, हे मी दुकानदाराला विचारलं आणि त्यानं सेटिंगमध्ये दाखवल्यावरच पैसे दिले. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. अँटेना किती, वेग किती, हे नंतर. ज्या राउटरला कंपनी अपडेट देत नाही तो कितीही भारी असला तरी घेऊ नये.

ॲडॅप्टरकडेही बघा. आमच्या त्या सेटचा ॲडॅप्टर हातात घेतला तर पिसासारखा हलका आणि तासाभरात चटका बसेल इतका तापायचा, त्याच्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्काच नव्हता. शिक्का असेल तिथं आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा बघता येतो. लाईट गेल्यावर नेट चालावं म्हणून मिनी यूपीएस घ्यायचा असेल तर राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त बघून घ्या.

नव्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला, तो नानांच्या वहीत लिहिलेला आहे. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद. हंगामात मजूर, व्यापाऱ्याची माणसं, ट्रकवाले सगळेच वायफाय मागतात, त्यांना नाही म्हणवत नाही. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवलंय, त्याचा पासवर्ड खुडा संपला की बदलायचा. शेडचा कॅमेरा आता त्याच वेगळ्या नेटवर्कवर आहे आणि माझ्या नंबरवर नोंदवलेला. ओट्यावर कॅमेरा परत लावला नाही.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. कोटेशनच्या कागदामुळं आधी अडलं, पण यूपीआयची नोंद, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांकडून मिळवलेला स्टॉलधारकाचा पत्ता कामी आला. विक्रेत्यानं निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या असा निरोप पाठवला, आम्ही नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. कॅमेऱ्याची तक्रार पोलिसांकडे वेगळी दिली आहे. कुणाच्या खात्यातून पैसेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, तो नंबर सायबर फसवणुकीचाच आहे.

असा सेट घरात असेल तर आजच कॅमेऱ्याचं ॲप उघडून मालक म्हणून कोणाचं खातं आहे ते बघा. तुमचं नसेल तर कॅमेऱ्याची वायर काढा, ॲपच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि मगच विक्रेत्याला फोन करा.