शहाळं, ताक की ओआरएस? गरोदरपणातल्या उन्हाळ्यासाठी

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, शिवाय बाळाभोवतीचं पाणी वेगळं. त्यामुळे दिवसाला साधारण आठ ते बारा पेले द्रव पोटात जायला हवा, आणि अकोला-नागपूरच्या मे महिन्यात त्याहून जास्त. यातला मोठा वाटा साध्या पाण्याचाच. पण पाणी घशाखाली उतरेनासं झालं, की पेल्यात दुसरं काय घ्यायचं?

रोजच्यासाठी मी ताकाच्या बाजूची आहे. घामावाटे मीठ जातं, ते चिमूटभर सैंधवाने भरून निघतं. शिवाय कॅल्शियम आणि प्रथिनं मिळतात, खर्चही फारसा नाही. मात्र ताक घरचं हवं आणि त्यात घातलेलं पाणी उकळून गार केलेलं. रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ न घालता प्या. लोहाची गोळी ताकासोबत किंवा चहासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्यासोबत ती चांगली लागू पडते.

शहाळं मळमळीतही पोटात टिकतं, समोर फोडून घेतलं तर स्वच्छही असतं. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. म्हणून खूप घाम आल्यावर नुसत्या शहाळ्यावर विसंबू नये. गरोदरपणातला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शहाळ्याने बाळ गोरं होतं, हे मात्र खरं नाही. परवडत नसेल तर रोज शहाळं मिळत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

ओआरएस, म्हणजे ठरलेल्या प्रमाणातल्या क्षार-साखरेची पुडी, हे औषध आहे. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच्या तोडीचं काही नाही, एरवी रोज घ्यायची गरज नाही. मोठी पुडी १ लिटर पाण्यात एकदम विरघळवा आणि घोट-घोट घ्या. विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते पाहा. फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली.

रसवंतीवरचा उसाचा रस कितीही खुणावला तरी नको. बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कळायला मार्ग नसतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते: अशा दर शंभर बाधित गरोदर स्त्रियांपैकी २० ते २५ दगावू शकतात. टँकरचं पाणी येत असेल तर प्यायचं सगळं पाणी उकळा.

चहा दिवसातून दोन कप चालेल.

पाय सुजले म्हणून पाणी तोडू नका. लघवी गडद पिवळी झाली तर पिणं वाढवा. आठ तासांत लघवीच झाली नाही, घोटभर पाणीही उलटून पडतंय, चक्कर येतेय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर सरळ दवाखाना गाठा.