डिस्क तपासणीचा मेसेज गायब झाला, आणि माझे ५२,१६० रुपये

५२,१६० रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे ‘किती गेले?’ असं पुन्हा कुणी विचारायला नको. गेल्या चार महिन्यांत इतक्यांनी विचारलंय की आता उत्तर देताना जीभ अडखळत नाही, पण कान अजूनही तापतात. घरी सांगायलाच मला नऊ दिवस लागले.

कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो म्हणून फसवणारे लोक स्क्रीन कशी ताब्यात घेतात, ओटीपी कसा काढून घेतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं, आणि हेच मला कुणाला पटवता येत नाही. मला कुणाचा फोन आलेला नव्हता. नंबर मी शोधला, फोन मी लावला. ‘मी अमुक कंपनीतून बोलतोय’ असा फोन आला असता तर मी तो त्याच क्षणी कापला असता, आजवर अनेक कापलेत. पण आपण मदत मागायला स्वतः फोन लावतो, तेव्हा सावधपणा घरीच राहतो.

कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज ७ वरचा. १४ जानेवारी २०२० नंतर त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, ते शिकवायला कुणी येऊ नये. मी घरून डीटीपी, म्हणजे पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी, करते. युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली वीसेक वर्षांची मराठी पुस्तकं त्या डिस्कवर आहेत आणि ती नीट उघडणारं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही. ‘फेकून दे ना ते खटारं’ म्हणणाऱ्यांनी त्या फाइली एकदा नव्या मशीनवर उघडून बघाव्यात. नुसते प्रश्नचिन्हांचे आणि चौकोनांचे ढीग दिसतात.

दुखणं असं होतं. सुरू करताना काळ्या पडद्यावर तारीख-वेळ चुकल्याची तक्रार, एफ-१ दाबा. तारीख दर वेळी २००९ वर गेलेली. ती हाताने दुरुस्त केली नाही तर ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणायचा. मग डिस्कची तपासणी : सी ड्राइव्ह तपासायला हवा, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलीही की दाबा. ही तपासणी रोज व्हायला लागली. एका शुक्रवारी रात्री मी ठरवून पूर्ण, खराब सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे तुकडे) शोधणारी तपासणी लावली आणि समोर बसून राहिले. पाच टप्पे. पहिले तीन बऱ्यापैकी पटपट गेले, चौथ्यात टक्का हलेना, पाचव्यात तर मी खुर्चीतच पेंगले. तीन तास दहा मिनिटं लागली. सकाळी सुरू केलं तर पुन्हा तोच मेसेज.

सोमवारी एका पुस्तकाची अंतिम फाइल छापखान्यात द्यायची होती. हे कारण मी पोलिसांनाही सांगितलं, बँकेलाही सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. मोबाइलवर मेसेजचे शब्द टाकून शोधलं. सगळ्यात वर हेल्पलाइनसारखा दिसणारा नंबर आला. ती जाहिरात होती. ‘जाहिरात’ असा शब्द तिथे बारीक अक्षरात होता, तो मी वाचला नाही. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, आणि शोधात वर आला म्हणून तो नंबर कंपनीचा ठरत नाही. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि नंबर तिथूनच घ्या.

“मॅडम, घाबरू नका,” हे त्याचं पहिलं वाक्य. शुद्ध मराठी, आवाज वयाने लहान, मध्येच ‘ताई’ म्हणायचा. रिमोटचं, म्हणजे माझा कॉम्प्युटर त्याला दुरून चालवू देणारं, सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं. साइट उघडेना म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “तारीख बघा मॅडम, ती दुरुस्त करा, मग उघडेल.” म्हणजे तारीख-वेळ लक्षात ठेवणारी मदरबोर्डवरची बॅटरी संपलीय हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी. तिच्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. उलट दहा मिनिटांनी मला सांगितलं की तारीख मागे जाते ती हॅकर मागे नेतात म्हणून.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवले. हे तुम्ही ऐकलं असेलच. जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर असे कितीतरी असतात, अगदी नव्यावरसुद्धा. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच यादीत, ॲप्लिकेशनच्या नोंदींमध्ये, ‘विनइनिट’ या नावाखाली १००१ क्रमांकाची नोंद होती. माझ्या आदल्या रात्रीच्या तपासणीचा तो संपूर्ण अहवाल. खराब सेक्टर किती, तर शून्य. तो अहवाल त्याने माझ्या डोळ्यांसमोरून भराभर वर सरकवला.

आणि आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे. “आपण डीप स्कॅन करू,” म्हणून त्याने काळी खिडकी, म्हणजे आज्ञा टाइप करायचा कमांड प्रॉम्प्ट, उघडली, काहीतरी टाइप केलं, आणि फोल्डरांची नावं धो धो वर जायला लागली. तीस-पस्तीस सेकंदांत थांबली. शेवटी इंग्रजीत ओळ होती : हार्ड डिस्कची मुदत संपली, सिक्युरिटी बंद पडली. ज्या डिस्कची तपासणी आदल्या रात्री मी तीन तास दहा मिनिटं डोळे ताणून पाहिली होती, ती डिस्क या माणसाने अर्ध्या मिनिटात तपासली, आणि मला एकदाही वाटलं नाही की हे शक्य नाही. बरं, ती ओळ सी ड्राइव्हच्या प्रॉम्प्टच्या पुढे होती, म्हणजे आपण जिथे टाइप करतो तिथे. शेवटी कर्सर लुकलुकत होता. ‘एक्सपायर्ड’चं स्पेलिंग चुकलेलं होतं. मी प्रूफं तपासून पोट भरते. वेलांटी चुकली तर मला पानाच्या टोकावरून दिसते. ती चूक मला दिसली होती, आणि ‘घाईत झाली असेल’ म्हणून मी सोडून दिली.

ती आज्ञा ‘ट्री’. फोल्डरांची झाडासारखी यादी दाखवते, बाकी काहीही करत नाही. यादी धावत असताना तो आंधळेपणाने टाइप करत होता आणि यादी थांबल्यावर ती अक्षरं प्रॉम्प्टवर उमटली. तुम्ही आत्ता स्वतःच्या कॉम्प्युटरवर करून पाहा, एक मिनिट लागेल.

४,७२० रुपये. ‘डिस्क सुरक्षा योजना, आजीवन’. भरले.

इथे लोक म्हणतात, एवढं झाल्यावर तरी कळायला हवं होतं. का कळलं नाही ते ऐका. पैसे भरल्यावर त्याने आणखी पाच मिनिटं काहीतरी केलं, कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावला, आणि डिस्क तपासणीचा मेसेज आला नाही. रविवारी आला नाही. सोमवारी आला नाही. फाइल वेळेवर गेली. जे माझ्याच्याने होत नव्हतं ते या माणसाने केलं होतं, मग मी त्याच्यावर विश्वास का ठेवू नये? त्याने काय केलं होतं ते नंतर कळलं. ‘चेक एनटीएफएस’ (chkntfs) नावाची आज्ञा असते. तिला एक्सचा पर्याय जोडून सी ड्राइव्ह दिला की विंडोज सुरू होताना ती डिस्क तपासणंच सोडून देतं, मग ती कितीही बिघडलेली असो. डिस्कवर ‘गडबड आहे’ अशी खूण तशीच राहते, फक्त आपल्याला सांगितलं जात नाही. दुरुस्ती काडीचीही झालेली नव्हती. धूर निघतोय हे सांगणारी घंटा त्याने काढून नेली आणि मी त्याचे आभार मानले.

तुमच्याकडे कुणी येऊन ‘मेसेज घालवून दिला’ म्हणत असेल, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी’ (fsutil dirty query) पुढे सी ड्राइव्ह लिहून विचारा. डर्टी म्हणालं तर दुखणं जागच्या जागी आहे. ‘चेक एनटीएफएस’ला डीचा पर्याय दिला की घंटा पुन्हा जागेवर बसते.

बुधवारी एका पुस्तकाची फाइल उघडेना. ‘फाइल किंवा फोल्डर बिघडलेला आहे, वाचता येत नाही.’ साहजिकच होतं, बिघाड वाढत होता आणि तपासणी बंद होती. मी पुन्हा त्यालाच फोन केला. दुसऱ्या कुणाला करायचा? योजना आजीवन होती ना. या वेळी ९,४४० रुपये, ‘सर्व्हरवरून डेटा परत आणण्यासाठी, परत मिळणारी अनामत’. एकूण १४,१६०.

शुक्रवारी दुपारी फोन त्याच्याकडून आला. योजना बंद होतेय, १४,१६० परत देतो, मॅडम, फॉर्म भरून देतो, स्क्रीन जोडा. पैसे परत मिळताहेत म्हटल्यावर माणूस किती आज्ञाधारक होतो ते मी माझ्यावरूनच सांगते. ओटीपी आला, मी वाचून दाखवला. तो ओटीपी पैसे परत येण्याचा नव्हता. त्याच्या हातातल्या मोबाइलवर माझं बँक खातं सुरू करायचा होता, आणि मेसेजमध्ये तसं सरळ लिहिलं होतं. सहा अंक वाचले, त्यांच्या शेजारचं वाक्य वाचलं नाही. मेसेज पूर्ण वाचा. अंक सगळ्यात शेवटी वाचा.

४ वाजून १२ मिनिटांनी १९,००० गेले. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि ४ वाजून १५ मिनिटांनी बँकेला फोन लावला. भाषा निवडा. खातं की कार्ड, निवडा. खाते क्रमांक टाका. जन्मतारीख टाका. संगीत. ४ वाजून २६ मिनिटांनी दुसरे १९,००० गेले. तेव्हा मी बँकेच्याच लाइनवर होते, अकरा मिनिटं संगीत ऐकत. खातं गोठवायचा पर्याय त्या यादीत सातवा होता. ज्याच्या खिशातून आत्ता पैसे जाताहेत त्याला सातव्या क्रमांकावर उभं करतात! त्यांचं लेखी उत्तर दोन ओळींचं आलं : ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला, बँक जबाबदार नाही. पहिल्या १९,०००बद्दल ऐकून घेते. दुसऱ्या १९,०००बद्दल ऐकून घेणार नाही. मी कॉल सुरू केल्याची वेळ माझ्या फोनमध्ये आहे आणि पैसे गेल्याची वेळ त्यांच्या पासबुकात आहे. या दोन वेळा चार पत्रांत लिहून पाठवल्या. चारही वेळा तेच दोन ओळींचं उत्तर.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, तक्रार ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली तर पोच आली की जवळच्या ठाण्यात जा. दुसऱ्यांदा गेले तर ‘सायबरचे साहेब’ नव्हते. तिसऱ्यांदा होते, पण त्यांना स्क्रीनशॉट हवे होते, त्याच कॉम्प्युटरवरचे. मी सांगितलं, साहेब, त्याने कॉम्प्युटरलाच कुलूप घातलंय. तर म्हणाले, मग पुरावा काय? चौथ्यांदा एका हवालदारांनी माझ्यादेखत शेजारच्याला सांगितलं, शिकलेल्या बायका जास्त फसतात. मी अर्ज टाइप करून नेला होता, तारीख-वेळेसकट, रकमेसकट, त्या तिन्ही खात्यांच्या क्रमांकांसकट. पैसे कुठल्या खात्यात गेले हे मी त्यांना हातात दिलं होतं! चार महिन्यांत त्या खात्यांचं काय झालं हे एकाही माणसाने सांगितलेलं नाही. पोचपावती मात्र पहिल्या दिवशीच मागून घ्या, शिक्का आणि तारखेसकट. मी दुसऱ्या खेपेपर्यंत घेतली नव्हती, आणि ‘तुम्ही आधी आलाच नव्हता’ हेही ऐकलं.

कुलूप म्हणजे काय, ते सांगते. वायर पुन्हा लावून सुरू केलं तर विंडोज लॉगिनच्याही आधी पासवर्ड मागणारी करडी चौकट. त्याचा फोन आलाच : सगळा डेटा लॉक आहे, १५,००० दिले तर पासवर्ड देतो. एवढे पैसे मात्र मी दिले नाहीत, आणि तो राग आधी आला असता तर बरं झालं असतं. ही ‘सिसकी’ नावाची विंडोजमधलीच जुनी सोय आहे. मायक्रोसॉफ्टने ती २०१७ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली, पण ७ मध्ये आहे. ती फक्त पासवर्डांच्या नोंदीला कुलूप घालते. फाइलींना हातही लावत नाही.

हे मला हार्डवेअरचं काम करणाऱ्या एका परिचित काकांनी सांगितलं. त्यांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर माझी सगळी पुस्तकं तिथेच होती. बुधवारी न उघडलेली फाइलही तपासणीनंतर सापडली, शेवटची चार पानं सोडून. मग त्यांनी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढला. ५ क्रमांक, बदललेले सेक्टर : शून्य. १९७, संशयित सेक्टर : शून्य. १९९, वायरीतून जाताना झालेल्या चुका : १,३१२. “डिस्कला काही झालेलं नाही गं,” काका म्हणाले, “साटाची वायर गेलीय.” म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर. एक वायर, एक बॅटरी. त्या दिवसापासून ना तारीख मागे गेली, ना तपासणी आपोआप लागली.

सुरू होताना रोज तपासणी लागत असेल, तर आधी फाइली दुसरीकडे उतरवा, मगच खराब सेक्टरांची तपासणी लावा. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर ती तपासणी तिला संपवू शकते. मग वायर बदला. १९७ चा आकडा वाढत असेल तर मात्र नवी डिस्क घ्या.

आणि कुणाच्या स्क्रीनवर ती करडी चौकट आत्ता उभी असेल, तर पैसे देऊ नका, घाईने फॉरमॅटही मारू नका. फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. विंडोजच्या डीव्हीडीवरून सुरू करून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जा. सिस्टिम३२ च्या कॉन्फिग फोल्डरात ‘रेगबॅक’ म्हणून फोल्डर असतो, त्यात रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदीच्या, पाच फाइलींची प्रत असते : डिफॉल्ट, सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टिम. त्यांच्या तारखा बघा. कुलूप पडण्याच्या आधीच्या असतील, तर कॉन्फिगमधल्या पाच फाइली बाजूला ठेवा आणि या त्यांच्या जागी ठेवा. विंडोज ७ ही प्रत साधारण दहा दिवसांनी नवी करतं, म्हणून तारीख बघितल्याशिवाय हात घालू नका. माझी प्रत सहा दिवसांपूर्वीची होती.